सर्दीचा फोटो

ऐन कॉड माशांच्या हंगामात तोरलाइफनं बोट धक्क्याला बांधली आणि डोकं ठणकतं म्हणून बोडो शहरातल्या इस्पितळात जाऊन सायनसचा एक्स-रे काढून आला. त्यात काहीच निघालं नाही.

“एका सर्दीपायी दोन दिवसांची मासळी घालवलीस,” बायको सुन्निवा त्याला आठवडाभर ऐकवत राहिली.

मार्चच्या वादळात तो बोटीसकट गेला.

चार वर्षांनी पोलीस तोच एक्स-रे घेऊन दारात आला. कुणाच्या तरी जाळ्यात कवटी आली होती.

“कपाळाच्या हाडातल्या पोकळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, काकू. या जुळल्या. आता त्यांना पुरता येईल.”

सुन्निवानं त्याला कॉफी ओतून दिली आणि फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

 

“यात काही निघालं नाही, म्हणून किती बोलले मी त्याला.”