शांतीची चिठ्ठी

मनुष्य जे मूल्य मुखाने उच्चारतो, तेच त्याच्या अंतःकरणात वसते असे नाही.

बीजपरीक्षण प्रयोगशाळेत सकाळी 'स्वतःला ओळखा' शिबिर झाले. प्रत्येकाने आपले सर्वोच्च मूल्य चिठ्ठीवर लिहून ती फळ्यावर टोचली. वसुधाबाईंनी लिहिले, 'शांती'. घरीदारी वाद टाळणे हे त्यांचे व्रतच होते.

दुपारी त्यांनी उगवण तपासायला ठेवलेली ओल्या कागदाची गुंडाळी उलगडली. सोयाबीनच्या शंभर दाण्यांपैकी एकेचाळीसच अंकुरले होते.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "अहवालात पंच्याहत्तर लिहा. सत्तरच्या खाली माल अडतो. गोणी उद्या बाजारात जायच्यात."

"पेरणाऱ्याचं रान रिकामं राहील, साहेब!"

"अहो, सकाळीच शांती निवडलीत ना? मग शांत बसा!"

वसुधाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. वीस वर्षे गिळलेले शब्द कंठाशी आले. "खोटं लिहिलं होतं मी सकाळी! हवी तर नोकरी घ्या, हा आकडा बदलणार नाही."

त्यांनी फळ्यावरची चिठ्ठी उपटली, उलट बाजूस मोठ्या अक्षरांत 'एकेचाळीस' लिहिले आणि पुन्हा टोचली.

ते लिहिणाऱ्या हाताला बळ लाभो; आणि साहेबांनाही, कधीतरी, असाच राग येवो.