कोडीची चौकशी

केंटकीतल्या लहानशा गावात वांडानं कित्येक वर्षं मुलाचे प्रताप लपवले होते. पोलिसांपासून, शाळेपासून, नवऱ्यापासूनसुद्धा. तो कोडी आता सैन्यात होता, आणि त्याला गोपनीय कामावर घ्यावं का हे ठरवायला चौकशी अधिकारी तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. “बाई, त्यानं कधी नशा केली?” सवयीचं ‘नाही’ तिच्या ओठांवर आलं, पण ती फार थकली होती. “केली. बाप मरायला टेकला होता, तेव्हा नशेच्या गोळ्यांसाठी त्यानं बापाचंच घड्याळ विकलं.” अधिकाऱ्यानं मान हलवली. “त्यानंही हेच सांगितलं. त्यानं लपवलं असतं, तर हे काम मिळायची आशाच संपली असती. पण तो म्हणाला, घड्याळाचं आईला अजून ठाऊक नाही.” वांडानं निवलेल्या कॉफीचा कप बाजूला सारला. “मग मला ठाऊक आहे, हे त्याला सांगू नका, साहेब,” ती म्हणाली. “एकदा त्याच्याच तोंडून ऐकायचंय.”