टँकमधला माणूस

"पाचशे लिटरचा की हजारचा?" गोविंदरावांनी विचारलं, आणि मयूरच्या घशात पोह्यांचा घास अडकला.

आतापर्यंत सगळं कसं छान चाललं होतं. मुलगी बघायला भोपाळमधल्या कोटऱ्याच्या घरून निघताना आईने बजावलं होतं, त्या घरात रणगाड्याचा र काढायचा नाही. कारण होतंच तसं. उज्जैनच्या मुलीला मयूरने रशियाच्या झारचा रणगाडा ऐकवला होता. पुढची चाकं तिमजली घराएवढी, आणि पहिल्याच चाचणीत मागचं छोटं चाक चिखलात जे रुतलं ते रुतलंच. मुलीने जांभया दाबत ऐकून घेतलं. मायलेक भोपाळला पोचायच्या आत नकार येऊन थांबला होता.

तसा मुलगा निर्व्यसनी. एम. पी. नगरातल्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायचा. फक्त जगातल्या फसलेल्या रणगाड्यांवर त्याचा जीव होता. जिंकलेल्यांवर जीव टाकणारे पुष्कळ असतात, यांना कोण आहे, असं तो म्हणायचा. हे वाक्य आरशासमोर भारदस्त वाटायचं. मुली बघताना मात्र ते बोलणाऱ्याकडेच बोट दाखवायचं.

आज त्याने खरंच र काढला नाही. समोरूनच ट आला. "तुमचा टँकचा दांडगा अभ्यास आहे म्हणे," मुलीचे वडील गोविंदराव पागनीस म्हणाले. "आपल्याला कोणता पसंत?"

मयूरचा विश्वास बसेना. आजवर हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. "कुगेलपान्झर," तो म्हणाला. "जर्मन आहे. गोल, चेंडूसारखा."

"गोल बरा. कोपऱ्यात शेवाळ धरत नाही."

सासरे विनोदी मिळणार म्हणून मयूर मनापासून हसला. "आत एकच माणूस मावतो, काका."

"सफाईला एक पुरे."

"पण तो कशासाठी बनवला, ते अजून कुणालाच कळलेलं नाही."

"गच्चीवर ठेवायला, आणखी कशाला?" गोविंदराव म्हणाले. आणि मग ते लिटर आले.

मयूरने पाणी मागितलं. नलिनीमावशींनी हे स्थळ आणलं होतं. अशोका गार्डनला हार्डवेअरचं दुकान आहे, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. हार्डवेअर म्हणजे नट-बोल्ट, असं मयूर धरून चालला होता. "खाली गोदामात सगळ्या साइझचे वॉटर टँक आहेत," गोविंदराव म्हणाले. "आत्तापर्यंत तीन मुलं पाहिली. एक बँकेत, दोन सरकारी दफ्तरात. चांगली होती बिचारी, पण टँकमधलं ओ की ठो कळत नाही. मग शमिका म्हणाली, बाबा, हा मुलगा टँकमधलाच माणूस आहे. मी तर तिथेच हो म्हणून दिलं."

म्हणजे मुलीचाही तोच घोटाळा झाला होता. हे मात्र मयूरला फार लागलं. मघाशी तिने जिलबीची बशी पुढे करत हळूच म्हटलं होतं, "दोन घ्या, बाबांचे प्रश्न संपेपर्यंत पुरतील." त्या एका वाक्यावर मयूर पुरता गारद झाला होता. ही आयुष्यभर अशीच बोलत राहावी, एवढंच त्याला हवं होतं.

टेबलाखालून आईने त्याचा पाय दाबला. अर्थ स्पष्ट होता. हो म्हण आणि मोकळा हो. मयूरने मनातल्या मनात हो म्हणूनही पाहिलं. न्यूझीलंडवाल्यांनी ट्रॅक्टरला पन्हाळी पत्रे ठोकून त्याला रणगाडा म्हटलं होतं, मग टाकीनेच काय पाप केलं? मुलगी मिळत असेल तर तो गोदामात बसून जन्मभर झाकणंही मोजायला तयार होता. पण मग रोज रात्री तिच्यासमोर जेवायला बसायचं आणि आपण खरे कोण ते लपवायचं, हे त्याला जमणारं नव्हतं. फसलेल्यांचा अभ्यास करता करता त्याला एवढं तरी कळलं होतं.

"काका, चूक होतेय," तो म्हणाला. आईने डोळे मिटून घेतले. "मी रणगाड्यांबद्दल बोलत होतो. लढाईतल्या. त्यातही फसलेल्या. पाण्याच्या टाकीतलं मला काहीच कळत नाही."

गोविंदरावांनी बशी खाली ठेवली आणि ते मुलीकडे वळले. "तू तर मला टँक म्हणाली होतीस."

"टँकच म्हणाले होते, बाबा," शमिका म्हणाली. "रणगाडा म्हटलं असतं, तर यांना जिना चढू दिला असता तुम्ही?"

मयूरने चमकून वर पाहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"नलिनीमावशींनी तुमचे रणगाड्यांवरचे व्हिडिओ पाठवले होते. सगळे पाहिले."

ते व्हिडिओ आपल्याशिवाय पृथ्वीतलावर कुणी पाहत नाही, अशी मयूरची पक्की समजूत होती. डोळे भरून आले ते त्याने लपवले नाहीत.

"आता तुम्हीच सांगा," शमिका म्हणाली. "इंग्रजांनी पहिलावहिला रणगाडा बनवला, तेव्हा शत्रूला सुगावा लागू नये म्हणून कारखान्यातल्या माणसांना हे काय बनतंय म्हणून सांगितलं होतं?"

"पाण्याची टाकी," मयूर पुटपुटला. "म्हणून तर टँक नाव पडलं."

"मग मीही तेच सांगून तुम्हाला इथवर आणलं."