पुण्याचं स्थळ

“मॅडम, हा मुलगा खोटा आहे,” अयोध्या म्हणाली आणि वडिलांचा मोबाईल तिने समीक्षा मॅडमच्या टेबलावर ठेवला.

कॉम्प्युटरच्या खोलीतली सगळी मुलं वळून पाहू लागली. लोह्याजवळच्या त्या ज्युनिअर कॉलेजात शनिवारचा शेवटचा तास मोबाईलचा असायचा. समीक्षा मॅडम नांदेडहून एसटीने येत आणि अकरावी-बारावीच्या मुलांना एकच गोष्ट परोपरीने शिकवत. समोर आलेलं खरं कशावरून? या आठवड्याचा गृहपाठ होता, घरच्या मोबाईलवर आलेली एक खोटी गोष्ट शोधून आणायची. कुणी काढ्याचा मेसेज आणला होता, कुणी परीक्षा रद्द झाल्याची नोटीस. अयोध्येने होणारा नवरा आणला होता.

वधू-वर ग्रुपवरून आलेला बायोडाटा होता तो. पुण्यात इंजिनिअर, एकुलता एक, बाकी काही अपेक्षा नाही. फोटोत निळ्या शर्टातला हसरा तरुण.

“हा फोटो मी शोधून बघितला,” अयोध्या म्हणाली. “शर्टाच्या जाहिरातीतला निघाला. कंपनीचं नाव टाकलं तर तसली कंपनीच न्हाई. आणि मुलाचे मामा नुसते मेसेज करतात. बाबांनी फोन लावला की कट करतात.”

वर्गात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत.

“घरी सांगितलंस?”

“आईला सांगितलं. शनिवारी काय शिकवलं ते ऐकल्याबिगर ती जेवायला वाढत न्हाई. ती म्हणली, बाबांना मॅडमच्याच तोंडून कळू दे. माझं तर ते ऐकत न्हाईत.”

अयोध्येला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. तिचा बाप पिराजी टेम्पो चालवायचा. परीक्षा संपली की पोरीचं लग्न, हे त्याचं पक्कं होतं. नायगावचं एक स्थळ जवळपास ठरलंही होतं. तेवढ्यात हे पुण्याचं आलं आणि पिराजीने नायगावला ‘जरा थांबा’ कळवलं. ते पंधरा दिवस थांबले आणि त्यांनी दुसरीकडे सुपारी फोडली. पिराजीला त्याचं काही वाटलं नाही. जावई पुण्याचा, असं तो भावकीत सांगूनही बसला होता.

रविवारी दुपारी समीक्षा मॅडम त्यांच्या घरी गेल्या. कावेरीबाईने, अयोध्येच्या आईने, खुर्ची पुसून दिली आणि ती चहा ठेवायला आत गेली. पिराजी बाजेवर बसला होता. अयोध्या मोबाईल घेऊन त्याच्याशेजारी टेकली.

“बाबा, हे बघा. इथं हाच माणूस हाय.”

“हाव की.”

“आणि इथं पिवळ्या शर्टात.”

“हा बी तोच?”

“तोच. इथं बंडी घालून हाय. हे सगळं दुकानवाल्यांचं हाय, बाबा. पुण्यात कुणी न्हाई.”

पिराजीने मोबाईल हातात घेऊन तिन्ही फोटो पुन्हा बघितले. त्याचे कान लाल झाले. आतून चहाचं आधण उकळल्याचा वास आला. मॅडमना वाटलं, आता हा पोरीवरच चिडणार.

“मॅडम,” तो सावकाश म्हणाला, “मी हैदराबादपर्यंत गाडी घेऊन जातो. रोज नवी माणसं बघतो. मला कळलं न्हाई, अन् ह्या पोरीला घरात बसून कळलं.”

“ती हुशार आहे,” मॅडम म्हणाल्या. “तिला कॉम्प्युटरची पदवी करू द्या. लातूरला मुलींचं वसतिगृह आहे.”

“किती वर्षं?”

“तीन.”

पिराजीने मान हलवली. “मग तीन वर्षं ह्या घरात कुणी स्थळाचं नाव काढायचं न्हाई. अयोध्या, त्या ग्रुपातून भाईर कसं निघायचं गं? कुठं दाबू?”

अयोध्येने त्याचं बोट धरून दाखवलं. दाबल्यावर तो मोठ्याने हसला. ती रडायलाच लागली आणि रडता रडता हसली. कावेरीबाईने चहा आणला. साखर जरा जास्तच पडली होती, पण समीक्षा मॅडमनी तो आवडीने घेतला. नोकरीच्या सहा वर्षांत इतका चांगला रविवार त्यांना आठवत नव्हता.

उठताना त्या म्हणाल्या, “पण हे असं सोडायचं नाही. तुमची मुलगी वाचली, उद्या दुसऱ्या कुणाची फसेल. मी सायबर पोलिसांत तक्रार देते.”

“द्याच,” पिराजी म्हणाला. “लई शहाणा समजतो काय तो मामा? दाखवा त्याला.”

अयोध्येने वहीचा कागद फाडून त्यावर मामांचा नंबर लिहून दिला.

कावेरीबाई फाट्यापर्यंत पोचवायला निघाली. घरात ती दोन वाक्यंसुद्धा बोलली नव्हती. घरं मागे पडली तशी ती थांबली.

“मॅडम, एक विचारू?”

“विचारा ना.”

“नुसत्या नंबरावरून माणूस सापडतं का हो?”

“सापडतं की. सीम कुणाच्या आधार कार्डावर घेतलंय ते पोलिसांना लगेच कळतं. नाव, गाव, सगळं.”

कावेरीबाईने रस्त्याकडे पाहिलं. लांबून एसटी येताना दिसत होती.

“हे तेवढं शनिवारी शिकवायचं राहिलं वाटतं,” ती म्हणाली आणि मॅडमच्या हातातला कागद तिने हळूच काढून घेतला. “तक्रार राहू द्या, मॅडम. माझंच नाव निघंल.”