प्रसारण बंद

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की गुलाब दंडारीत राणी होऊन नाचायचा, आणि त्याच दिवशी घर पाहुण्यांनी भरल्यानं तुळसा चुलीपुढून हलायची नाही. चाळीस वर्षांत तिनं नवऱ्याचा नाच एकदाही पाहिला नव्हता. यंदा मात्र लोकल चॅनलवाले तो कॅमेऱ्यात घेऊन गेले. ठरल्या दुपारी मोहल्ल्यातल्या बाया जमल्या, तुळसा नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली, आणि पडद्यावर पाटी आली: ‘डिश कंपनीशी शुल्काचा वाद, प्रसारण बंद.’ भांडण कंपन्यांचं, तोंड उतरलं मोहल्ल्याचं. तुळसा तडक उठली, खुंटीवरचे घुंगरू काढून तिनं नवऱ्यापुढं ठेवले. “बांधा.” “अवो, रंग नाही, साडी नाही!” “असेच नाचा. चाळीस वर्सं पाहुण्यायनं पाह्यलं. आज मी पाहुणी.” गुलाब लाजला आणि चुलीकडं वळला. “पळून राहिले का जी?” “पाहुणीले पहिले चहा नको का?”