गोटीरामचा पुतळा

पुतळा बघितला आणि गोटीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेच पागोटं, तीच खांद्यावरची घोंगडी, पडलेल्या दातासकट तेच तोंड. गेल्या हिवाळ्यात साहेब लोक गोड बोलून फोटो काढून घेऊन गेले होते ते याच्यासाठी तर! शेजारी अमेरिकेतला काउबॉय ऐटीत उभा, डोक्यावर हॅट, कमरेला पिस्तूल. आणि आपल्या गुराख्याच्या गळ्यात काय, तर हातभर लांब लाकडी ओंडका, दोरीनं पार गुडघ्यापर्यंत लटकवलेला!

"अवो, हे तर लोढणं!" सखुबाईनं तोंडाला पदर लावला. नवऱ्याचा पुतळा बघायचा म्हणून ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

इगतपुरीच्या वाटेवर नाशिककरांच्या मौजेसाठी हे काउबॉयचं गाव उठवलं होतं. लाकडी दुकानं, फायबरचे घोडे, मधोमध हे म्युझियम. सगळं गावच्या गायरानावर. चाळीस वर्षं गोटीरामनं इथंच गावची गुरं चारली. आज त्याला तिकीट काढून आत यावं लागलं.

"केवढं लॉकेट आहे बघ!" पुतळ्याशी सेल्फी काढणारी एक पोरगी म्हणाली. तिच्या घरचे सगळे फिदीफिदी हसले.

मॅनेजर महेश हॅट घालून दाराशीच उभा होता. गोटीराम त्याच्यापुढं गेला.

"साहेब, ते काढा. माणसाच्या गळ्यात नसतंय ते."

"राहू द्या हो बाबा. भारी दिसतंय. लोक त्याच्यासाठीच थांबतात."

"माझं तोंड हाय ते. जनावराचं नाय."

"तोंड तुमचं असेल, पुतळा आमचा आहे. इथलं सगळं आमचं आहे. चला, बाहेर व्हा."

"अवो, चला ना," सखुबाई रडवेली झाली.

गोटीराम वळला, पण बाहेर गेला नाही. समोरची दोरी ओलांडून त्यानं पुतळ्याच्या गळ्यातलं लोढणं काढलं आणि महेशसमोर आला.

"ऐक. जे जनावर दुसऱ्याच्या रानात घुसतं ना, त्याच्या गळ्यात हे घालत्यात. जनावर पळायला लागलं की हे त्याचे गुडघे फोडतं."

महेशला काही कळायच्या आत दोरी त्याच्या गळ्यात पडली. हॅट खाली घरंगळली.

"वॉचमन! ए वॉचमन!" बोंबलत महेश दाराकडं धावला.

दुसऱ्याच पावलाला ओंडका खाडकन गुडघ्यावर बसला.