आधी आलेला आवाज

२००२ सालची गोष्ट. कोल्हापुरातल्या आमच्या घरी धाकटी बहीण संघप्रिया कानाला हेडफोन लावून माइकसमोर उभी होती आणि भडकली होती. रेडिओच्या निवडीसाठी तिचं गाणं संध्याकाळपर्यंत रेकॉर्ड करून द्यायचं होतं.

"दादा, माझंच गाणं मला मागनं ऐकू येतंय! असं कोण गाईल?"

दोष संगणकाच्या साउंड कार्डाचा नव्हता. त्यावरची लिनक्स प्रणाली आवाज आधी साठवत होती, मग सोडत होती. मी तिचा नवा कर्नल, म्हणजे गाभा, चढवला आणि आवाजाचा तो साठा, बफर, लहान करत गेलो. दर वेळी उशीर घटला आणि दर वेळी ती खेकसली. शेवटी मी ओरडलो, "आता तरी जुळतंय का?"

ती एकदम थांबली. "आता आधी येतंय. मी गायच्या आधी."

"मी फिजिक्स शिकलोय. चेष्टा करू नको!"

"मग तूच ऐक की! मी आता एक शब्द बोलणार न्हाय." तिनं हेडफोन माझ्या अंगावर फेकला आणि ओठ घट्ट मिटले.

मी हेडफोन कानाला लावला. त्यात ती किंचाळत होती, "दादा, सोड! सोड की ते!"

मघाचंच काहीतरी अडकून वाजत असणार. माझं डोकंच फिरलं. सगळंच बंद करून टाकायला मी भिंतीवरच्या सैल, ठिणग्या टाकणाऱ्या प्लगकडे हात नेला.

समोर ती गप्प होती, रागानं माझ्याकडं बघत होती. कानात ती आता रडायला लागली होती.

माझी बोटं प्लगला लागली. तेव्हा संघप्रियानं तोंड उघडलं.